चाचांनी अर्धी सोडलेली गोष्ट

मला कोंडून ठेवलं होतं असं सांगितलं की लोक आधी कुलूप शोधतात. कुलूप नव्हतंच हो. अमेरिकेत शॉमबर्गमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटचं दार आतून नुसत्या बोटानं उघडायचं. पण नवरा सकाळी ऑफिसला निघाला की माझा थंडीचा जाड कोट हातावर टाकून खाली न्यायचा आणि गाडीच्या डिकीत ठेवायचा. कोटापाठोपाठ बूट. टेलिफोनही वायरीसकट काढून ब्रीफकेसमध्ये घालायचा. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि थंडी अशी की न्हाऊन गॅलरीत उभं राहिलं तर केस ताठ व्हायचे. जा म्हणावं, कुठे जातेस ती!

ही ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या वर्षांची हकिकत. नावं कुणाचीच देणार नाही. काही माणसं अजून आहेत, आणि जी गेली त्यांची मुलं आहेत. तेव्हा मी नवऱ्याला 'अहो' म्हणायची. आता 'तो' म्हणते आणि मला मुळीच वाईट वाटत नाही.

तो वाईट दिसायचा नाही, हेच तर दुखणं होतं. हसतमुख, इंजिनियर, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तबला वाजवणारा. त्याच्या एका मित्राची बायको ड्रायव्हिंग शिकली आणि पुढे त्या मित्राला सोडून गेली. यानं त्यावरून धडा घेतला तो असा. लग्न होऊन मी मिरजेहून आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात एकटी चालत लायब्ररीत गेले आणि तिथल्या बाईशी मोडक्या इंग्रजीत गप्पा मारून आले. खुशीत घरी येऊन सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कोट डिकीत जायला लागला. माझा पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये. पासपोर्टाशिवाय रस्त्यावर दिसलीस तर पोलीस थेट जेलमध्ये टाकतील, असंही सांगून ठेवलं. माझा त्यावर विश्वास बसला. का बसू नये? मला कोण सांगणार होतं?

शनिवार-रविवारी मात्र डिकीतून कोट बाहेर यायचा, नवरा तो मला स्वतःच्या हातानं घालायचा आणि आम्ही मंडळात जायचो. बटाटेवडे, नाट्यगीतं, मुलांचं 'मॉम, कॅन वी गो होम'. मी त्या साठ-सत्तर माणसांत बसून हसायची. एक काकू दरवेळी म्हणायच्या, किती जपतो गं तुला, आमच्या ह्यांना शिकव म्हणावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या हॉलमध्ये शिकले.

मंडळात एकच मुसलमान जोडपं होतं. चिपळूणकडचं, पन्नाशी ओलांडलेलं. चाचांनी उभं आयुष्य जहाजावर काढलं होतं आणि आता एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला कामाला जायचे. खाला म्हणजे त्यांची बायको, जाडजूड, तोंडानं फटकळ, हाताला चव. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये दोन इमारती सोडून राहायचे. त्यांना मूल नव्हतं. माझी पहिली दिवाळी आली तेव्हा मंडळातल्या बायकांत चर्चा झाली की हिचं दिवाळसणाला इथे माहेर कुठलं? खाला म्हणाल्या, आमचं. झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्यांची मानलेली लेक झाले.

पण त्याच दिवशी एक गोष्ट घडली. सगळ्यांसमोर नवरा हसत हसत चाचांना म्हणाला, लेक दिलीत तर एक शब्दही द्या, रुसून माहेरी आली तर ठेवून घ्यायची नाही, माझ्या हाती परत द्यायची. थट्टेचाच सूर होता. सगळे जावई असं बोलतात. चाचाही हसले आणि त्यांनी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला. मीही हसले होते, बाई!

जानेवारीत एका सकाळी मला वाटलं, आता वेड लागेल. काही विशेष झालं नव्हतं. आदल्या दिवशी त्यानं एक थोबाडीत मारली होती, पण तेही पहिल्यांदा नव्हतं. मी खिडकीशी उभी होते. खाली एक म्हातारी गोरी बाई कुत्र्याला फिरवत होती, आणि त्या कुत्र्याच्या अंगात स्वेटर होतं. एवढंच. माझ्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली वाकळ होती, ती मी डोक्यावरून गुंडाळून घेतली, पायात मोज्यांवर मोजे आणि चपला घातल्या आणि निघाले. दोन इमारतींचं अंतर. वाटेत एक चप्पल बर्फात राहिली.

खालांनी दार उघडलं आणि काही न विचारता मला आत ओढलं. चाचा पुढे आले, माझे पाय बघितले, आणि खाला कढत पाणी आणायला निघाल्या तर त्यांच्यावर ओरडले की गरम नको, कोमट आण. जहाजावर शिकले होते ते. मी पाय पाण्यात बुडवून बसले आणि सगळं सांगितलं. कोट, बूट, फोन, पासपोर्ट. बोलता बोलता मला इतकं मोकळं वाटलं की मी चक्क हसले. सुटले, असंच वाटलं मला.

चाचा उठले आणि त्यांनी माझ्या नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. मुलगी आमच्याकडे आहे, येऊन घेऊन जा, म्हणाले.

मी त्यांचे पाय धरले. खाला त्यांच्यावर संतापल्या, कोकणीत काहीबाही बोलल्या. चाचा खाली मान घालून ऐकत राहिले. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मी शब्द दिलाय, पोरी. आणि शब्द दिला म्हणजे काय हे मला कळावं म्हणून त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली.

पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांना त्यांच्यात सहाबी म्हणतात. अगदी सुरुवातीच्या काळातला असा एक सहाबी, मक्केतला तरुण. त्याचा बाप शत्रूपक्षातला मोठा माणूस. मुलानं नवा धर्म धरला म्हणून बापानं त्याला घरातच साखळदंड घालून डांबलं. मारलं, छळलं, पण हा बधला नाही. वर्षं गेली. मग पैगंबरसाहेब आपली माणसं घेऊन यात्रेसाठी मक्केच्या वेशीपर्यंत आले आणि मक्केवाल्यांनी अडवलं. लढाई टाळायची म्हणून तह ठरला. त्यात एक अट होती, मक्केतून कुणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय पळून तुमच्याकडे आला तर तुम्ही त्याला परत द्यायचा. आणि मक्केवाल्यांकडून तह करायला बसला होता तो त्याच पोराचा बाप. तह चाललेला असतानाच हा पोरगा कोंडवाड्यातून निसटून, पायातले साखळदंड घासटत, डोंगराच्या आडवाटेनं तिथे पोचला आणि आपल्या माणसांच्या पुढ्यात येऊन पडला.

आता विचार कर, चाचा म्हणाले. चौदाशे माणसं तिथे उभी होती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. बाप म्हणाला, अटीप्रमाणे परत द्यायचा पहिला हाच. पैगंबरसाहेबांनी विनवलं की याला एकट्याला तरी सोड. बाप ऐकेना. त्यानं पोराच्या तोंडात मारली आणि गळपट्टी धरून ओढायला लागला. पोरगा ओरडत होता, मला परत त्यांच्या हाती देता? पण शब्द दिलेला होता. पैगंबरसाहेबांनी त्याला सांगितलं, धीर धर, तुझ्यासाठी वाट निघेल, आम्ही दिलेला शब्द मोडू शकत नाही.

सांगताना चाचांचा आवाज कापत होता हे खरं. पण मला त्या गोष्टीची अशी चीड आली की काय सांगू. मी विचारलं, पुढे त्याचं काय झालं?

"त्याला नेलं," चाचा म्हणाले, आणि बेल वाजली.

खालांनी नवऱ्याला दारातच थांबवलं. म्हणाल्या, लेक माहेराहून रिकामी जात नाही. मला पाटावर बसवलं, माझ्या ओच्यात तांदूळ घातले, अमेरिकन दुकानातला तो सुकलेला नारळ घातला आणि माझ्या कपाळाला कपाळ टेकवून रडल्या. कोकणात त्यांच्या घरातही लेकीची ओटी भरतात. मी ओटी सांभाळत, खालांच्या सपाता घालून, वाकळ गुंडाळून खाली उतरले. चाचा सोबत आले. गाडीपाशी नवऱ्यानं डिकी उघडली, माझा कोट बाहेर काढला आणि मोठ्या प्रेमानं माझ्या अंगावर चढवला. चाचा बघत होते. हा डिकीत कशाला, त्यांनी विचारलं. ड्रायक्लीनिंगला टाकायचा होता, नवरा म्हणाला. माझं त्यांना सांगून झालं होतं, आता आणखी काय सांगायचं होतं?

घरी गेल्यावर मारलं वगैरे नाही. त्यानं माझी वाकळ उचलली, खाली नेली आणि कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकली. माझ्या आईची लुगडी होती ती. मारलं असतं तर चाललं असतं. ते मी त्याला आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

त्यानंतरचे दिवस आठवायलाही नको वाटतं. आता पांघरुणंसुद्धा मोजून ठेवलेली असायची. मंडळात बातमी गेली होती, अर्थातच. हळदीकुंकवाला एकीनं मला बाजूला घेऊन समजावलं, घरोघरी मातीच्या चुली, आम्ही नाही का केलं? कुणाकडेही पळून गेले असते तरी पहिला फोन त्याच्याच ऑफिसात गेला असता, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं. चाचांनी निदान समोरासमोर केला. इकडे आड आणि तिकडेही आडच. मी तासन्‌तास कार्पेटवर बसून राहायची. साखळदंडातल्या त्या पोराला परत नेलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल, याचाच विचार करायची. बापापेक्षा त्याला त्या चौदाशे माणसांचा जास्त राग आला असेल, असं मला वाटायचं.

मग एका रविवारी दुपारी खाला आल्या. चाचा खाली गाडीतच बसून राहिले होते. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही, म्हणाल्या. खाला नेहमीच जाड, त्या दिवशी आणखीच जाड दिसत होत्या, जिना चढून धापा टाकत होत्या. कोट काढा म्हटलं तर म्हणाल्या, राहू दे, थंडी भरलीय. सोबत डबाभर खापरोळ्या आणि नारळाचा रस. नवरा खूश. मी चहा ठेवला.

चहा पिता पिता खाला माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, त्या दिवशी ह्यांनी पोरीला अर्धीच गोष्ट सांगितली बघ, अर्धी गोष्ट घरात ठेवू नये. सांगा की, तो म्हणाला, मलाही कळू दे. आणि खापरोळी रसात बुडवून खाऊ लागला.

खालांनी सांगितली. परत नेलेला तो पोरगा पुन्हा डांबला गेला. दरम्यान दुसरा एक सहाबी मक्केतून निसटून पैगंबरसाहेबांच्या मदिनेला पोचला. त्यालाही अटीप्रमाणे परत दिलं. पण वाटेत तो न्यायला आलेल्यांच्या हातून सुटला. पुन्हा मदिनेत राहिला असता तर पुन्हा परत दिला असता. म्हणून तो तिथे राहिलाच नाही. तो समुद्राच्या किनाऱ्यावर गेला. तो किनारा ना मक्केचा होता ना मदिनेचा. तिथल्या माणसाला परत द्यायचा शब्द कुणीच दिलेला नव्हता. ही खबर साखळदंडातल्या पोराला लागली. तो दुसऱ्यांदा निसटला, आणि या खेपेला आपल्या माणसांकडे गेला नाही. तोही सरळ किनाऱ्यावर गेला. मग त्याच्यामागून आणखी गेले. मक्केचे व्यापारी तांडे त्याच वाटेनं जायचे, ते यांनी असे बेजार केले की शेवटी मक्केवालेच पैगंबरसाहेबांना विनवायला आले, बाबा, ती अट रद्द करा आणि यांना तुमच्याकडे घ्या.

भारी आहे, नवरा म्हणाला. त्यानं दुसरी खापरोळी घेतली.

मग खाला माझ्याकडे वळल्या आणि त्याच्यादेखत, ठणकावून म्हणाल्या, "आमच्याकडे पुन्हा येऊ नकोस, पोरी. आमच्या दारात आलीस तर ह्यांना तुला परत द्यावंच लागेल. आपल्या कुठल्याच माणसाकडे जाऊ नकोस."

नवऱ्यानं समाधानानं मान हलवली. बघ, शहाणी माणसं काय सांगतात, म्हणाला. मी खालांच्या तोंडाकडे बघत होते. त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या.

चहा झाल्यावर त्यांनी नमाजासाठी जागा मागितली. मी त्यांना बेडरूममध्ये नेलं आणि त्यांनी दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, माझ्या गालावर हात फिरवला आणि धापा न टाकता जिना उतरून गेल्या.

सोमवारी नवरा गेल्यावर मी पलंगाखाली वाकले. चाचांचा जहाजावरचा जुना काळा कोट भिंतीशी घडी करून ठेवला होता. खिशात लोकरीचे हातमोजे. खाला आपल्या कोटाखाली तो घालून आल्या होत्या. चाचांना हे ठाऊक होतं का, असं मी पुढे एकदा खालांना विचारलं, तर म्हणाल्या, असल्या गोष्टी विचारू नयेत. तो पूर्ण हिवाळा चाचा दोन स्वेटरांवर कामाला गेले, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

कोट होता, पण किनारा कुठला? मी एकेक घर मनात आणलं आणि बाद केलं. सगळी मराठी घरं बाद. इंडियन ग्रोसरीवाला यार, यार करत नवऱ्याच्या गळ्यात पडायचा, तो बाद. पोलिसांची तर भीतीच घातलेली. मंडळाच्या हॉलला जाताना रस्त्यात एक फायर स्टेशन लागायचं, मोठमोठ्या लाल दारांचं. तिथल्या कुणालाही माझा नवरा माहीत नव्हता. त्याचा तबला त्यांनी ऐकलेला नव्हता. ठरलं.

बूट त्याचेच घातले, जुने, तीन मोज्यांवर. चालायला दुपार गेली. फुटपाथ नव्हताच, रस्त्याच्या कडेच्या मळक्या बर्फातून चालत होते. एक गाडी थांबली, काच खाली झाली, आणि मी जोरजोरात मान हलवल्यावर निघून गेली. प्रत्येक निळी गाडी मला त्याचीच वाटत होती. अंधार पडायच्या आत पोचले. आत चार-पाच आडदांड बाप्ये टेबलाभोवती जेवायला बसले होते. मी पाठ करून नेलेलं एकच वाक्य इंग्रजीत म्हटलं, मी घरी परत जाणार नाही. पुढचं सगळं मराठीत बोलले असणार, कारण ते नुसते बघत होते. पण एकानं उठून मला आपली खुर्ची दिली. तेवढ्यानं मला असं रडू कोसळलं की त्या बिचाऱ्यांना जेवण सुचेना.

त्यांनी फोन करून एका बाईला बोलावलं, ती मला दुसऱ्या गावातल्या बायकांच्या आश्रयाच्या घरात घेऊन गेली. पासपोर्ट वकिलीणबाईंनी मिळवून दिला. तिथे भेटलेल्या एकीची बहीण टेक्सासमध्ये होती, तिच्या आधारानं मी अर्विंगला गेले आणि एका दुकानात कामाला लागले. हे असं दोन ओळींत होतं लिहायला.

इकडे शॉमबर्गला नवरा मंडळातले चार वडीलधारे घेऊन चाचांच्या दारात गेला. चाचांनी त्यांना एकेक खोली उघडून दाखवली, कपाटंसुद्धा. म्हणाले, माझ्या दारात आली असती तर शब्दाप्रमाणे दिली असती. ती आलेली नाही, आणि ती कुठे आहे हे मला माहीत नाही. कुणालाच त्यांच्याबद्दल शंका आली नाही. चाचा खोटं बोलत नाहीत हे सगळं मंडळ जाणून होतं.

ईदच्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना फोन केला. चाचांनीच उचलला. माझा आवाज ओळखला आणि लगेच म्हणाले,

"कुठून बोलतेस ते मला सांगू नकोस. तो अजून विचारायला येतो. मला ठाऊक असलं तर सांगावं लागेल."

मग विचारलं, जेवलीस का, थंडी आहे का तिकडे, काम जड तर नाही ना. मी अंदाजे उत्तरं द्यायची. थंडी नाही म्हटलं तरी गाव ओळखतील, म्हणून थंडीबद्दलही काही बोलायची नाही. मिरजेत आई-बाबांनीही तेव्हा बोलणं टाकलं होतं, दिल्या घरी सुखी राहायचं सोडून हिनं काय केलं म्हणून. साऱ्या जगात मला जेवलीस का विचारणारा तो एक माणूस, आणि त्यालाच माझं गाव सांगायची सोय नव्हती. नवऱ्यानं घटस्फोट अडवून धरला होता. वर्षं गेली. दर ईदेला आणि दर दिवाळीला मी फोन करायची, आणि दरवेळी गावाचं नाव जिभेवर येऊन परत गिळायची. सुटले होते, पण कोंडलेलीच होते की.

शेवटी कोर्टाचा निकाल लागला. मी कोर्टातून घरी आले, चपलाही न काढता फोन लावला. आता मी त्याची कुणी नाही, असं सांगितलं.

चाचा म्हणाले, "म्हणजे माझा शब्द संपला?"

"संपला, चाचा."

"मग सांग आता. कुठे आहेस?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, रस्ता सांगितला, घराचा नंबर, दाराचा रंग, शेजारी कोण राहतं, खिडकीतून काय दिसतं, थंडी किती पडते. घसा बसेपर्यंत सांगत राहिले.

मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा सांग."